निळ्या पडद्याची वही

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं वागणं वाचून कुणी कपाळाला हात लावायला नको. माहेरी मला लवंगी फटाका म्हणायचे. सासरी असं कुणी म्हटलं नाही, पण ते केवळ भिडेपोटी. सासरी माणसं तीन: भांडण सुरू झालं की पेपर उघडून बसणारा नवरा, पहिलीत जाणारी मुलगी आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. ही हकिकत सासऱ्यांची, म्हणजे बाबांची आहे, आणि एका कम्प्युटरची.

नवऱ्याची केंद्र सरकारात नोकरी. त्याची बदली झाली आणि दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो, मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी झाली तेव्हा मी टायपिस्टची नोकरी सोडली होती, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. सोसायटीतल्या बायका ओळख करून घेताना विचारायच्या, ‘और आप क्या करती हैं?’ मी म्हणायचे, घरीच असते. त्यावर त्या अगदी प्रेमानं म्हणायच्या, ‘अच्छा, कुछ नहीं करतीं.’ त्यांच्या मनात वाईट काही नसायचं हो, पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. घरी येऊन मी भांडी आपटायचे.

ते दिवसच असे होते की दर आठवड्याला दुकानात काहीतरी नवीन दिसायचं. आज कपडे धुवायचं मशीन, उद्या ओव्हन, परवा आणखी काही. नोएडात, जिथे परवापरवापर्यंत शेतं होती म्हणायचे, तिथे काचेच्या इमारती उठत होत्या आणि मी बसच्या खिडकीतून मान दुखेपर्यंत वर बघायचे. या सगळ्या नव्या वस्तूंच्या खोक्यात एकेक माहितीची पुस्तिका असते आणि ती आपल्या देशात एका भाषेत छापून भागत नाही, हे मला पेपरमधल्या एका चार ओळींच्या जाहिरातीतून कळलं. नोएडातल्या एका छोट्या ऑफिसला मराठी येणारं, मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं. मी गेले. तिथल्या मॅडमनी माझ्यासमोर बावन्न पानांची इंग्रजी पुस्तिका ठेवली, वॉशिंग मशीनची. घरी बसून मराठीत करायची, टाइप करायची आणि चार आठवड्यांनी, सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत फ्लॉपीवर आणून द्यायची. ‘वेळेत आणलंत तर सगळं मराठी काम तुमचं,’ त्या हिंदीत म्हणाल्या. ‘नाही आणलंत तर मुंबईचे एक गृहस्थ तयारच बसलेत.’

येताना बसमध्ये मी ती पुस्तिका पोटाशी धरून बसले होते. सहा वर्षांनी कुणीतरी मला एक काम आणि एक तारीख दिली होती.

कम्प्युटर नेहरू प्लेसहून आला, सुटे भाग जुळवून केलेला. दोन खोकी जिन्यावरून वर येत होती तेव्हा शेजारची दारं उघडून माणसं बघत उभी राहिली. मी त्याला कुंकू लावलं. मुलीनं हात जोडले. पडद्यावर पहिल्यांदा उजेड आला तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो, अगदी गाभाऱ्यात उभे असल्यासारखे. आणि मी मराठी अक्षर दाबलं आणि ते समोर उमटलं, खोडलं तर डाग न राहता गेलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टाइपरायटरवर एक चूक झाली की आख्खं पान फाडलेली बाई मी. मी ते एकच अक्षर वीस वेळा लिहिलं आणि वीस वेळा पुसलं.

आता प्रश्न, हा ठेवायचा कुठे? मे महिना लागत होता. नवऱ्यानं ऑफिसात पाहिलं होतं की कम्प्युटरची खोली एसीची असते, लोक चपला बाहेर काढून आत जातात. कम्प्युटरला गारवा लागतो, हे आमच्या मनात पक्कं बसलेलं. एसी आमच्याकडे कुठला! पण बाबांच्या खोलीच्या खिडकीत नुकताच कूलर बसवला होता. पुण्यात आम्ही असला प्रकार पाहिला नव्हता. पत्र्याचा मोठा खोका, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. पंप ते पाणी गवतावर सोडतो आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा आत ढकलतो. बाहेर भाजून काढणारी लू, आणि आत वाळ्याच्या वासाची थंडगार झुळूक. पहिल्या दिवशी आम्ही चौघंही त्याच्यासमोर ओळीनं उभे राहिलो होतो.

बाबा म्हणाले, ‘माझ्या खोलीत ठेवा. मला काय, मी खाटेवर बसेन.’ टेबल कूलरला अगदी खेटून लावलं. गार हवा वाया जाऊ नये म्हणून खोलीच्या दुसऱ्या भिंतीतली खिडकी घट्ट लावली, दार लावलं, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी त्या दिवशी कम्प्युटर बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सामने की खिड़की खोल के रखिए, तभी कूलर ठीक चलता है.’ त्या गेल्यावर नवरा आणि मी पोट धरून हसलो. खिडकी उघडी टाकून खोली गार करायची म्हणे!

बाबा हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. ते मुळात बोलायचेच कमी. चौतीस वर्षं त्यांनी हवामानखात्यात निरीक्षक म्हणून काढली, बहुतेक सगळी समुद्राकाठच्या ठाण्यांवर, शेवटची बारा वर्षं रत्नागिरीला. ठरलेल्या वेळी उठायचं, पांढऱ्या पेटीतले थर्मामीटर बघायचे, आकडे वहीत लिहायचे, तारेनं वर पाठवायचे. ऊन असो, वादळ असो, घरात लग्न असो. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी इतरांना देतात तसं भिंतीवरचं घड्याळ नाही दिलं. लाकडी पट्टीवर बसवलेली थर्मामीटरची जोडी दिली. ती आमच्या बाल्कनीत टांगलेली असायची. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी, तिचं शेपूट पाण्याच्या वाटीत. बाबा सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला जाऊन दोन्ही आकडे वहीत टिपायचे. कुणी मागितले नव्हते, कुणी वाचणार नव्हतं. मला तर हे बघूनच अस्वस्थ व्हायचं.

तर काम सुरू झालं. सकाळी मुलगी शाळेत गेली की मी बसायचे, दहाला कूलर लावायचे, दुपारपर्यंत टाइप करायचे. आधी हातानं वहीत मराठी करायचं, मग ते कम्प्युटरवर चढवायचं. तिसऱ्या दिवशी, ‘रंग जाणारे कपडे वेगळे काढा’ या वाक्याच्या मध्यावर, सगळं निळं झालं.

तो निळा रंग मी अजून विसरलेले नाही. शाईची दौत उपडी व्हावी तसा पडदाभर, काठोकाठ निळा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, शून्यांच्या लांबच लांब माळा, आणि शेवटी, कुठलंही बटण दाबा. मी बटण दाबलं. मग सगळी बटणं दाबली. मग ‘अरे देवा’ म्हणून ओरडले. खरं सांगते, भीती वाटली, पण त्याहून जास्त काहीतरी वाटलं. इतक्या सुंदर रंगात कुणी इतकी वाईट बातमी देतं का?

खाटेवरून बाबांनी मान वर केली. ‘पडला? किती वाजता?’

‘काय?’

‘किती वाजता पडला?’

‘मला काय माहीत! माझं पान गेलं, बाबा!’

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि उशाची वही घेतली.

त्यानंतर तो रोज पडायला लागला. कधी एकदा, कधी चारदा. प्रत्येकानं आपापलं औषध सांगितलं. नवरा म्हणाला, व्होल्टेज. यूपीएस आणला, तरी पडला. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, अर्थिंग. इलेक्ट्रिशियन आला, भिंत फोडून गेला, तरी पडला. नेहरू प्लेसवाला म्हणाला, ‘वायरस है जी, फॉर्मेट करना पड़ेगा.’ कम्प्युटर उचलून नेला. त्याच्या दुकानात तो दिवसभर मुकाट चालला, आमच्याकडे आला आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत पडला. तीनदा असं झालं. दुकानवाल्यानंही हात टेकले. ‘मॅडम, आपके घर में ही कुछ है,’ तो म्हणाला, आणि आमच्या देव्हाऱ्याकडे जरा संशयानं बघून गेला.

दर वेळी निळा पडदा आला की खाटेवरून प्रश्न यायचा, ‘किती वाजता?’ आधी मी दात-ओठ खात सांगायचे. नंतर सांगेनाशी झाले. ते स्वतःच घड्याळ बघून लिहायचे. एकदा मी त्या वहीत डोकावले. रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, कूलर किती वाजता लावला, वीज गेली का, मी काय टाइप करत होते तेसुद्धा. ‘११.३५, मळके मोजे.’ ‘११.५०, साबणाचं प्रमाण.’ शेवटचा रकाना होता ‘शेरा’, आणि तो पहिल्या पानापासून कोरा.

‘शेऱ्यात का काही लिहीत नाही?’ मी विचारलं.

‘शेरा आपण नाही लिहायचा,’ बाबा म्हणाले. ‘तो वरून यायचा असतो.’

‘यायचा?’

‘नाही. चौतीस वर्षांत नाही आला. आपण आकडा पाठवायचा. तो कामाला आला की नाही, ते काही कुणी कळवत नाही.’ हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं. पाऊस पडतो म्हणावं तसं सांगितलं.

शेवटचा आठवडा उजाडला. सोमवारी द्यायचं, आणि बुधवारी दुपारी माझी सगळ्यात वाईट वेळ आली. आता मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करत होते, शहाणी झाले होते. निळा पडदा आला, गेला, कम्प्युटर पुन्हा चालू केला, फाइल उघडली, तर चौदा पानं चौकोनांनी भरलेली. एकही अक्षर नाही. नुसते चौकोन, ओळीच्या ओळी चौकोन.  चाळीसातली चौदा गेली, बारा अजून व्हायची, आणि चार दिवस हातात.

‘किती वाजता?’

मग मात्र माझा तोल गेला. ‘वाजले बारा!’ मी किंचाळले. ‘माझे बारा वाजले, बाबा! इथे माझं काम चाललंय हातातून आणि तुम्ही वेळा लिहिताय! काय करणार आहात त्या वेळांचं? कोण वाचणार आहे? चौतीस वर्षं कुणी वाचलं का?’

बोलले आणि जीभ चावली. पण बोलून झालं होतं.  बाबांनी खरोखरच घड्याळ बघितलं, वेळ लिहिली आणि वही मिटली. संध्याकाळी साडेपाचला ते बाल्कनीत गेले. जेवताना ते नेहमीसारखे जेवले, मी ताटातलं नुसतं चिवडत बसले. माफी मागायला गेले आणि तिथेही मला रडूच फुटलं. ‘अगं, राहू दे,’ ते म्हणाले. ‘उद्या बस परत.’

गुरुवारी सोसायटीत पाणी आलं नाही. कूलरची टाकी कोरडी. लावला तर नुसता पंखा फिरला, बाहेरची धग आत आली. पाण्याशिवाय वारा म्हणजे वैतागच, म्हणून मी खिडकी उघडली, दार उघडलं, पदर खोचला आणि घामाघूम होऊन बसले. त्या दिवशी नऊ पानं झाली. चारपर्यंत बसले. निळा पडदा एकदाही आला नाही. माझ्या ते लक्षातही नाही आलं, मी आपली देवाचे आभार मानत होते.

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. मी चहा घेऊन खोलीत गेले तर बाबांच्या हातात कालच्या जेवणातला एक पापड होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. ‘मोड.’ मी मोडला, कुडुम् करून तुटला. ‘हा काल रात्रभर इथेच होता. आणि परवा, कूलर चालू असताना, इथेच ठेवलेला पापड दुपारी चामड्यासारखा झाला होता. तो मी तुला दाखवणार होतो, पण परवा तू जरा कामात होतीस.’

परवा मी काय होते ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी बाल्कनीतली थर्मामीटरची जोडी आत आणून कम्प्युटरशेजारी खिळ्याला अडकवली. ‘बाहेर आत्ता दोन्ही आकड्यांत सतराचा फरक आहे. फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. दिल्लीची हवा अशीच, कोरडी ठणठणीत. आता कूलर लाव. खिडकी, दार बंद कर. रोज करतेस तसंच.’

‘बाबा, सोमवारी द्यायचंय! मुद्दाम पाडायचा का?’

‘जे झालंय ते फ्लॉपीवर घे. मग लाव.’ एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हुकूम केला. मी मुकाट्यानं ऐकला.

दहा वाजता कूलर सुरू झाला. बाबांनी वही उघडली. ‘टाकीत पाणी असलं की पडतो. नसलं की पडत नाही. दुकानात कूलर नाही, तिथे पडत नाही. सकाळी दहाच्या आत कधी पडलेला नाही. बारा दिवसांच्या वेळा आहेत इथे. आज पावणेबाराच्या आत पडेल.’

मी हसले नाही. पण विश्वासही नाही ठेवला.

आम्ही दोघं बसून राहिलो. दर पंधरा मिनिटांनी ते उठून आकडे बघायचे. दोन्ही थर्मामीटरचे आकडे एकमेकांजवळ सरकत होते. साडेदहाला नऊचा फरक. अकराला चार. सव्वाअकराला दोन, मग दोनाच्याही आत. बाबा त्या ओल्या चिंधीकडे बघत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी टायपिंग थांबवलं.

‘अगं,’ ते हळूच म्हणाले, ‘ही रत्नागिरीची हवा आहे. जुलैतली. मयूर विहारमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आपण रत्नागिरी केली आहे.’

मी भिंतीवर हात ठेवला. भिंत दमट होती. टेबलाच्या पत्र्याच्या पायावर थेंब होते. इतके दिवस मी त्या थेंबांवर फडकं फिरवत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता! बाहेर वाळवंट पेटलं होतं आणि आत आम्ही समुद्र आणून, दारं लावून, तो बाहेर जाऊ नये म्हणून फटीत टॉवेल कोंबले होते. आणि ज्या यंत्रावर माझं सगळं अवलंबून होतं ते त्याच्या तोंडाशी ठेवलं होतं, त्याला सुख व्हावं म्हणून.

अकरा अडतीसला पडदा निळा झाला.

मी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. जो रंग बघून माझा जीव खाली-वर व्हायचा तोच रंग सांगितलेल्या वेळेला, बोलावल्यासारखा आला होता. यात ज्योतिष नाही, मंत्र नाही, एका म्हाताऱ्या माणसाची दोनशे पानी वही आणि मलमलीची चिंधी. मी बाबांकडे बघत राहिले. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि या माणसाला मी पहिल्यांदा बघत होते असं मला वाटलं.

‘किती वाजता?’ ते म्हणाले.

‘अकरा अडतीस,’ मी म्हटलं. त्या दिवशी मी स्वतःहून घड्याळ बघितलं होतं.

मग त्यांनी वायर काढली, खोका जमिनीवर पेपर पसरून आडवा ठेवला आणि स्क्रू काढायला घेतले. मी फ्लॉपी हातात घट्ट धरून उभी राहिले. पण हात लावण्याआधी त्यांनी आतल्या प्रत्येक वायरीचं चित्र वहीत काढलं, कुठली कुठे जाते ते. मला आत वाकून बघायला सांगितलं. मी आजवर त्या खोक्याचं फक्त बाहेरचं अंग बघितलं होतं. आत एक हिरवी पाटी होती, तिच्यावर सोनेरी रेघा, केसाइतक्या बारीक, हजारो, कुठून निघतात आणि कुठे जातात पत्ता लागू नये अशा. माझी बावन्न पानं यातून जात होती? 

बाबांनी एक बोटभर लांबीची पट्टी अलगद उपसली. तिच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती, आणि ते दात काळपट हिरवे झाले होते. ‘समुद्राकाठी तारयंत्राच्या जोडांवर असंच चढतं. दर शनिवारी घासायचो. खोडरबर आण.’

खोडरबर मुलीच्या कंपासपेटीतला मिळाला, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. बाबा खाटेवर बसून तो त्या दातांवर हलक्या हातानं फिरवत राहिले. काळी पूड खाली पेपरवर पडत होती आणि एकेक दात पिवळाधमक होत होता. तीन वेळा फॉर्मेट, यूपीएस, फोडलेली भिंत, आणि उपाय पहिलीतल्या पोरीच्या दप्तरात. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

टेबल हॉलमध्ये, कूलरपासून लांब नेलं. बाबांच्या खोलीतली खिडकी त्या दिवसापासून उघडी राहिली. समोरच्या भाभींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, ‘मैंने तो पहले दिन ही कहा था.’ मी त्यांना आत बोलावून चहा पाजला. दुसरं काय करणार?

शुक्रवार दुपार, शनिवार, रविवार मी हॉलच्या उकाड्यात टाइप करत होते. मानेवरून घाम ओघळायचा. बाबांना मी सांगितलं, तुम्ही तरी कूलरमध्ये बसा. ते आपली खुर्ची घेऊन माझ्या मागे येऊन बसले, थर्मामीटर भिंतीला, वही मांडीवर. दर तासाला ते एक शून्य लिहायचे. पडला नाही, शून्य. पडला नाही, शून्य. मला ते शून्य लिहिल्याचा आवाज यायचा आणि पुढचं पान सुरू करायला बळ यायचं.

सोमवारी दुपारी दोनला शेवटचं पान झालं. मी दोन फ्लॉप्या केल्या, एकीवर भरवसा नको म्हणून, आणि बसनं नोएडाला गेले. मॅडमनी एक फ्लॉपी आत सारली. फाइल उघडायला जे काही अर्धं मिनिट लागलं असेल त्यात मी चौकोन, चौकोन, चौकोन एवढंच म्हणत होते मनात. पडद्यावर माझं मराठी आलं. ‘रंग जाणारे कपडे वेगळे काढा.’ मॅडमना मराठी वाचता येत नव्हतं, त्यांनी पानं मोजली, घड्याळ बघितलं आणि कपाटातून आणखी दोन पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक ओव्हनची, एक मिक्सरची.

घरी पोचले तर दार उघडंच होतं. बाबा हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. वर्तमानपत्र नाही, काही नाही. साडेपाच होऊन गेले होते आणि थर्मामीटर तसेच भिंतीवर होते. त्या दिवशीचं संध्याकाळचं निरीक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. हे माझ्या जसं लक्षात आलं तशी मी चपलाही न काढता आत धावले.

‘पोचलं?’ त्यांनी विचारलं.

‘पोचलं, बाबा. सगळं उघडलं. काम मिळालं. पुढच्या दोन दिल्या त्यांनी.’ मी त्या पुस्तिका त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून बघितल्या, ओव्हनच्या चित्रावरून अंगठा फिरवला. मग मांडीवरची वही उघडली, शेवटचं पान काढलं, आणि वही आणि पेन दोन्ही माझ्यापुढे धरली.

‘शेरा,’ ते म्हणाले. ‘तो तुला लिहायचाय.’

मी टेबलाला टेकून उभी राहिले.  त्या कोऱ्या रकान्यात मी लिहिलं, ‘सर्व आकडे पोचले. कामाला आले.’ खाली सही केली.

बाबांनी चष्मा पुसून ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग वही माझ्याकडे परत सरकवली.

‘वेळ राहिली,’ ते म्हणाले. ‘वेळ घाल.’